आत्याला घर खाली करायचं समन्स आलंय, वकिलाची फी परवडत नाही, सरकारी फुकट वकील खरंच मिळतो का?

गिरगावची_भाची

नमस्कार. माझी आत्या गिरगावात चाळीत राहते, एक खोली आणि वर पोटमाळा, पागडीची जागा. पावती तिच्या सासऱ्यांच्या नावाने होती आणि ते वारल्यावरही त्यांच्याच नावाने फाटत राहिली, नाव बदलून घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, जुना मालक म्हणायचा कशाला, मी आहे ना. नंतर आत्याचे मिस्टरही गेले. आता ती आणि तिचा मुलगा दोघंच. ती दोन घरी पोळ्या लाटायला जाते, मुलगा डिलिव्हरीचं काम करतो, पगार असा ठरलेला नाही, जितक्या फेऱ्या तितके पैसे.

मधे चाळ विकली गेली. नवीन मालकाचा माणूस सुरुवातीला भाडं घेऊन गेला, पावती नंतर देतो म्हणाला ती दिलीच नाही, मग यायचाच बंद झाला. आत्या पैसे घेऊन त्यांच्या ऑफिसात गेली तर म्हणे अजून खाती चढवायचीयेत, नंतर या. ती परत आली आणि ते पैसे घरखर्चात गेले, साहजिक आहे. पुढे वकिलाची नोटीस आली, सगळी इंग्रजीत, तिने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिली आणि आम्हाला कुणाला सांगितलं नाही, माहेरच्यांना कशाला त्रास म्हणून. गेल्या आठवड्यात बेलीफ येऊन समन्स देऊन गेला तेव्हा मला फोन केला. धोबी तलावचं स्मॉल कॉज कोर्ट. दावा आत्या आणि मुलगा दोघांवर आहे. मला जेवढं कळलं त्यात दोन गोष्टी आहेत, भाडं थकवलं आणि मालकाला जागा स्वतःसाठी हवीये.

एका वकिलांना विचारलं, त्यांनी सांगितलेली फी ऐकून आत्या म्हणाली राहू दे गं, मी जाते गावाला. गावाला आहे काय तर पडकं घर आणि त्यातही दिरांचा हिस्सा. मुलाचं काम इथे, तिची घरं इथे, चाळीस वर्षं झाली तिला त्या खोलीत.

तर कुणीतरी म्हणालं की गरिबांना कोर्टाकडून फुकट वकील मिळतो. मला वाटायचं ते फक्त चोरी-मारामारीच्या केसमधल्या आरोपींना. भाड्याच्या केसमध्ये मिळतो का? कुठे जायचं, उत्पन्नाचा दाखला लागतो का, आणि तारीख पुढच्या महिन्यात आहे तोवर मिळेल का? आणि खरं सांगा, असा वकील नीट लढतो का, की नुसता नावाला?

पॅनलवरची_वकील

ताई, मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पॅनलवर आहे (मुंबईत नाही, शेजारच्या जिल्ह्यात), भाड्याचे दावे बऱ्यापैकी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी समन्स हातात पडलं ती तारीख एका कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्या तारखेपासून मोजायचंय.

हो, मिळतो, आणि दिवाणी केसमध्येही मिळतो. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, तो 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू आहे. त्याचं कलम 12 कुणाला मोफत वकील द्यायचा ते सांगतं आणि त्यात स्त्री असणं एवढंच पुरेसं आहे. परत लिहिते कारण हे कोर्टाच्या दारात उभ्या असलेल्या बायकांनाही माहीत नसतं: बाईला उत्पन्नाची अट नाही. आत्याला उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलमध्ये रांगा लावायची गरज नाही, ओळखपत्र आणि समन्सची झेरॉक्स घेऊन गेल्या तरी अर्ज होतो. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले, यांनाही उत्पन्न न बघता मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न हवं.

मुलगाही प्रतिवादी आहे ना, मग त्याचा अर्ज वेगळा करायचा. तो उत्पन्नाच्या कलमात बसेल बहुतेक. फेऱ्यांवर पैसे मिळणाऱ्याकडे सॅलरी स्लिप कुठून येणार, म्हणून कायद्यात सोय आहे की उत्पन्नाबद्दल त्याने स्वतः केलेलं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं (कलम 13). दोघांना एकच वकील द्या असं अर्जातच लिहा, दोन वेगळे वकील दोन वेगळ्या गोष्टी बोलले की केस तिथेच अडकते.

अर्ज मराठीत चालतो. कोर्टाच्या इमारतीत विधी सेवेचं ऑफिस किंवा टेबल कुठे आहे ते विचारा, नाहीतर 15100 या नंबरवर फोन करा, ती राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, ऑनलाइन अर्जही भरता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथले लोक लिहून घेतात. यात वकिलाची फी, कोर्ट फी, कागद टाइप करणं, नकला काढणं सगळं येतं. आणि पॅनलवरच्या वकिलाला तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायची परवानगी नाही, झेरॉक्सच्या नावाखाली नाही की चहापाण्याच्या नाही. कुणी मागितलं तर द्यायचं नाही आणि ऑफिसात सांगायचं.

आता त्याहून महत्त्वाचं. वकील फुकट मिळेल पण थकलेलं भाडं प्राधिकरण भरत नाही, ते आत्यालाच भरावं लागेल आणि लवकर भरावं लागेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 15. मालकाने आधी थकबाकीची लेखी नोटीस द्यायला हवी आणि त्या नोटिशीनंतर 90 दिवस गेल्याशिवाय त्याला थकबाकीच्या कारणावर दावाच लावता येत नाही. म्हणून ती पिशवीतली नोटीस शोधा, पाकिटासकट, पाकिटावरचा शिक्का बघा आणि दावा कधी दाखल झाला ती तारीख बघा. मधे 90 दिवस नसतील तर तो मोठा मुद्दा आहे.

पण 90 दिवस झाले असतील तरी दार बंद होत नाही. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांच्या आत भाडेकरूने सगळी थकबाकी, कायद्याने चढलेली वाढ आणि वर्षाला 15 टक्के दराने सरळ व्याज कोर्टात भरलं, आणि मग दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरत राहिला, कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्चही दिला, तर थकबाकीच्या कारणावर कोर्टाला घर खाली करायचा हुकूम देताच येत नाही. समजा भाडं महिना 250 आहे आणि तीन वर्षांचं थकलंय. मुद्दल 9,000 झालं. सगळं भाडं पहिल्या दिवसापासून थकलेलं नसतं, महिन्या-महिन्याने चढत गेलेलं असतं, म्हणून व्याज साधारण 2,000 च्या आसपास येतं. म्हणजे अकरा-बारा हजारांची जुळवाजुळव केली तर चाळीस वर्षांचं घर निदान या एका कारणापासून वाचतं. वकिलाच्या फीसाठी कर्ज काढू नका. ते पैसे इथे लावा.

मी पाहिलेल्या केसमध्ये लोक हरतात ते इथेच हरतात. वाद खरा असतो, मालकाने भाडं नाकारलेलं असतं, शेजारी साक्ष द्यायला तयार असतात, आणि 90 दिवस वकील शोधण्यात निघून जातात.

परळचा_भाडेकरू

मॅडमनी कायदा सांगितला, मी अनुभव सांगतो. आमचीही चाळ, वडील गिरणीत होते, 82 च्या संपानंतर घरी बसले, भाडं कधी दिलं कधी नाही, पुढे दावा लागला तेव्हा आईच्या नावाने लीगल एडचा अर्ज केला होता. वकील मिळाले पण पहिले मिळाले ते तारखेला यायचेच नाहीत, आई सकाळपासून बाकावर बसायची, पुकारा झाला की एकटीच उभी राहायची, जज विचारायचे वकील कुठे. शेवटी मी लेखी अर्ज केला की वकील बदलून द्या, प्रत्येक तारखेचं काय झालं ते त्यात लिहिलं. बदलून दिले. दुसऱ्या ज्या बाई मिळाल्या त्या वयाने लहान होत्या, आम्हाला जरा धाकधूक वाटली, पण त्यांनी सगळे कागद घरी नेऊन वाचले आणि आईला समोर बसवून दोन तास प्रश्न विचारले, कोण कधी वारलं, तेव्हा घरात कोण कोण राहायचं, लाईटचं मीटर कुणाच्या नावाने. एवढं तर आम्हाला आमच्या घरातल्यांनीही कधी विचारलं नव्हतं. खोली आजही आमच्याकडे आहे.

ताई, कागदांवर जोर द्या. पावती सासऱ्यांच्या नावाने आहे म्हणजे मालकाचा वकील पहिला मुद्दा हाच काढणार की ही बाई भाडेकरूच नाही. तर सासरे वारले त्या वेळी आत्या त्याच खोलीत राहत होती हे दाखवायचं. जुनं रेशनकार्ड ज्यात सासऱ्यांचं आणि तिचं नाव एकत्र आहे, तेव्हाची मतदार यादी, मुलाचा शाळेचा दाखला त्या पत्त्यावरचा, गॅसचं कार्ड, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला. जुन्या पावत्या असतील तर एकही टाकून देऊ नका, चहा सांडलेली असली तरी. आणि खोलीला कुलूप लावून गावाला महिनोन्‌महिने जाऊ नका, सलग सहा महिने जागा वापरली नाही तर ते मालकाला वेगळं कारण मिळतं.

पॅनलवरची_वकील

परळकर दादांनी बरोबर सांगितलं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 7(15) मध्ये भाडेकरू म्हणजे कोण ते दिलंय, भाडेकरू वारला तर त्याच्या सोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. सून कुटुंबातलीच आहे. पावतीवर नाव चढवलं नाही म्हणून हक्क जात नाही. एक विचारते, दिरांपैकी कुणी आता हक्क सांगतंय का? तसं असेल तर वकिलांना पहिल्या भेटीतच सांगा, मालक नेमकं त्यालाच हाताशी धरतो असं मी बघितलंय.

दुसरं कारण "मालकाला स्वतःला हवी" हे आहे. त्यात मालकाची गरज खरी आणि वाजवी असल्याचं मालकानेच सिद्ध करायचं असतं. आणि ते सिद्ध झालं तरी कोर्ट तराजू लावतं, घर गेल्याने भाडेकरूचे जास्त हाल होतील की न मिळाल्याने मालकाचे, कलम 16(2). तर आत्याच्या कैफियतीत, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी म्हणण्यात, सरळ लिहून यायला हवं की दुसरं घर नाही, कमाई किती, काम कुठे, गावच्या घराची अवस्था काय. गावच्या घराबद्दल लपवू नका, मालक सातबारा आणि घरपत्रक काढून आणतोच, त्यापेक्षा फोटो आणि हिस्सेदारांची नावं आपणच द्यावीत.

ही कैफियत समन्सपासून 30 दिवसांत द्यायची असते, कोर्ट 90 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. वकील मिळायला वेळ लागला तरी तारखेला आत्याने कोर्टात हजर राहायचंच आणि जजसाहेबांना सांगायचं की मी मोफत वकिलासाठी अर्ज केलाय, ही पोच, मला मुदत द्या. मराठीत बोललं तरी चालतं, घाबरायचं काही नाही. गैरहजर राहिलं तर एकतर्फी हुकूम होतो आणि मग तो रद्द करून घ्यायला 30 दिवसांत वेगळा अर्ज, त्यात कारणं, पुरावे, एकाची दोन प्रकरणं होतात.

ठाणेकर77

सगळं ठीक आहे पण मी वेगळं बोलणार, राग मानू नका. लीगल एडच्या वकिलाला सरकार जे मानधन देतं ते इतकं कमी असतं की चांगला, चालती प्रॅक्टिस असलेला माणूस त्या पॅनलवर फार काळ थांबत नाही. समोर बिल्डरने उभा केलेला वकील असतो ज्याचं आयुष्य स्मॉल कॉजमध्ये गेलंय, आरएई दावे (भाडेकरूला घराबाहेर काढायचे दावे) तो झोपेतही चालवेल. माझ्या मावशीच्या केसमध्ये गावाकडच्या कोर्टात फुकट वकिलाने उलटतपासणीच केली नाही आणि केस गेली. जमेल तसे पैसे जमवा, चाळीतल्या चार भाडेकरूंवर दावे असतील तर चौघांनी मिळून एक वकील करा, फी वाटली जाते. मी तरी घराच्या बाबतीत रिस्क घेणार नाही.

पॅनलवरची_वकील

राग कसला, तुमच्या मावशीच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं. मानधन कमी आहे हे खरं आहे आणि त्याचा परिणाम कामावर होतो हेही खरं आहे, मी पॅनलवर असून सांगतेय. पण याला उपाय लोकांना माहीत नसतात म्हणून लिहिते. प्राधिकरणाकडे देखरेख समिती असते, तिचं कामच हे आहे की दिलेला वकील तारखेला जातो की नाही, केस कुठवर आली ते बघायचं. तिच्याकडे लेखी तक्रार करता येते, वकील बदलून मागता येतो. उलटतपासणीच्या तारखेच्या आधी वकिलाला विचारा, प्रश्न काढलेत का, माझ्याशी बसून बोलणार का. नाही म्हणाले तर त्याच दिवशी अर्ज द्या, केस गेल्यावर नाही.

चार भाडेकरूंनी मिळून वकील करायची कल्पना चांगली आहे, ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. पण ज्या बाईची महिन्याची कमाई तिच्या वाट्याच्या फीलाही पुरत नाही तिला आपण काय सांगणार? तिच्यासमोर चांगला वकील की बरा वकील असा प्रश्नच नसतो. वकील की एकतर्फी हुकूम, असा प्रश्न असतो. घटनेत 39 अ कलम 1976 ला आलं ते याच्यासाठीच, पैसे नाहीत म्हणून कुणाला न्याय नाकारला जाऊ नये म्हणून. ते दान नाहीये. आत्याने तिथे मान खाली घालून जायची गरज नाही.

येरवडा_पुणे

मधेच विचारतो, सॉरी. आमचं पागडी वगैरे काही नाही, पुण्यात अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहतो, आता मुदत संपली, मालक म्हणतो आठ दिवसांत निघा नाहीतर सामान बाहेर टाकीन, कालपासून पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केलाय. लहान मुलगी आहे घरात. आम्हाला पण फुकट वकील मिळेल का? पोलीस म्हणाले सिव्हिल मॅटर आहे.

पॅनलवरची_वकील

मिळेल. मोफत वकील फक्त कोर्टासाठी असतो असं नाही, निवाडा करणाऱ्या कुठल्याही प्राधिकरणापुढेही मिळतो.

पण तुमची परिस्थिती आत्यापेक्षा वेगळी आहे आणि मी खोटी आशा देणार नाही. लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे तुमच्यासारख्या अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटची, मुदत संपली की जागा सोडावी लागते. मालक भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो, तिथलं समन्स आलं की 30 दिवसांत बचाव करायची परवानगी प्रतिज्ञापत्रावर मागावी लागते, नाही मागितली तर मालकाचं म्हणणं मान्य आहे असं धरून हुकूम होतो. त्यावर अपील नाही, फक्त रिव्हिजन (वरच्या पातळीवर फेरतपासणी). आणि मुदत संपल्यावर जितके दिवस राहाल तितके दिवस ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते. म्हणून दुसरी जागा आजपासून शोधायला लागा, वकिलाकडून मुदत वाढवून घेण्याची बोलणी करा, डिपॉझिट परत मिळाल्याशिवाय चावी देऊ नका.

तरीही, मालकाला हुकूमाशिवाय सामान बाहेर टाकायचा अधिकार नाही. सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगितलंय की लायसन्स संपलेल्या माणसालाही कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढायचं. जबरदस्तीने काढलं तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायचा दावा लावता येतो. व्हॉल्व्हचा व्हिडिओ काढून ठेवा, मालकाला व्हॉट्सॲपवर लिहून पाणी चालू करायला सांगा म्हणजे रेकॉर्ड राहील, आणि पोलिसांत तोंडी न बोलता लेखी अर्ज देऊन त्यावर पोच घ्या. तुमच्या मिसेसच्या नावाने विधी सेवेत अर्ज करा, उत्पन्नाचा प्रश्नच येणार नाही. ॲग्रीमेंट रजिस्टर झालेलं आहे का? भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते, केलं नसेल तर अटींबद्दल तुमचं म्हणणं आधी धरलं जातं. ते वकिलांना पहिल्यांदा सांगा.

येरवडा_पुणे

रजिस्टर नाही, नुसतं नोटरी केलंय. उद्याच जातो. खूप आभार मॅडम.

दादरचा_मालक

मी दुसऱ्या बाजूचा आहे. आजोबांनी बांधलेली तीन मजली इमारत, अजून बरेच भाडेकरू. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली होती, सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये म्हटलं की हे आता वाजवी राहिलेलं नाही, मग 1999 चा कायदा आला आणि त्यात वर्षाला 4 टक्के वाढ. दीडशे रुपयांवर 4 टक्के म्हणजे सहा रुपये. गच्ची गळते त्याच्या डांबराला पण पुरत नाही. हे लिहितोय कारण मालक म्हटलं की लोकांना बिल्डरच दिसतो, आमच्यासारखे पण आहेत जे भाडेकरूंच्या लग्नकार्याला जातात.

तरी मला वाटतं गरीब भाडेकरूला वकील मिळालाच पाहिजे आणि लवकर मिळाला पाहिजे, मालकाच्या सोयीसाठीसुद्धा. आम्ही एका गाळ्याचा दावा लावला होता, समोरचा आलाच नाही, एकतर्फी हुकूम झाला, वडील खूश. मग बेलीफ ताबा घ्यायला गेला तेव्हा तो माणूस जागा झाला, अर्ज, स्थगिती, परत पहिल्यापासून साक्षी, वडील गेले तरी दावा चालू. पहिल्या तारखेला त्याला कुणी धड सल्ला देणारा असता तर त्याने भाडं भरलं असतं आणि आम्ही बसून काहीतरी ठरवलं असतं. त्याला द्यायचे पैसे आमच्याकडेही होते, त्याला घ्यायचेही होते, मधे बोलणारं कुणी नव्हतं.

आत्यांच्या मालकाने भाडं नाकारलं असेल तर ते चूकच आहे. जुनी युक्ती आहे ती, भाडं घ्यायचं नाही आणि मग थकलं म्हणून दावा लावायचा. पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आमच्याकडे एक आजोबा होते, वडिलांशी भांडण झालं की दर महिन्याला मनीऑर्डर करायचे आणि परत आलेल्या सगळ्या पावत्या दोऱ्यात ओवून ठेवायचे. कोर्टात त्यांचंच खरं ठरलं.

गिरगावची_भाची

सगळ्यांचे मनापासून आभार, आत्याला सगळं वाचून दाखवलं. काल विधी सेवेच्या ऑफिसला जाऊन आलो. तिथे एक स्वयंसेवक ताई होत्या, त्यांनी आत्याकडून ऐकून अर्ज मराठीत लिहिला, मुलाचं प्रतिज्ञापत्र पण करून घेतलं. पोच मिळाली. नोटीस सापडली, पाकिटही सापडलं. 90 दिवस होऊन गेलेत, तेव्हा तो मुद्दा नाही. भाड्याचे पैसे मी आणि माझा भाऊ मिळून आता घालतोय, आत्या नको नको म्हणत होती, पण मॅडमनी मांडलेला हिशोब दाखवल्यावर तयार झाली. दीर कुणी हक्क सांगत नाहीयेत, उलट मोठे दीर म्हणाले सही लागली तर देतो.

आता नवीन. आज सकाळी मालकाचा माणूस आला, इतके दिवसांत पहिल्यांदा. म्हणाला कोर्टात कशाला जाता, लोकअदालतीत मिटवू, थोडे पैसे देतो, या कागदावर सही करा. कागद इंग्रजीत. आत्याने सही केली नाही, सांगितलं भाची बघेल. मुलगा म्हणतो रक्कम ऐकायला तरी काय हरकत आहे. लोकअदालत चांगली असते ना? आणि वकील मिळेपर्यंत पैसे कसे भरायचे, वकिलाशिवाय भरता येतात का?

पॅनलवरची_वकील

आत्यांनी सही केली नाही हे फार चांगलं केलं. लोकअदालत वाईट नसते, कित्येक भांडणं तिथे नीट मिटतात, पण तिथे जो निवाडा होतो तो कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. सही झाली की संपलं. इकडे स्मॉल कॉजच्या निकालावर निदान 30 दिवसांत त्याच कोर्टाच्या दोन जजांच्या बेंचकडे अपील करता येतं. म्हणून वकील मिळायच्या आधी तडजोडीचं एकही पान सही करायचं नाही, मराठीतलंही नाही, कोरं तर नाहीच. रक्कम ऐकायला हरकत नाही, मुलाला सांगा ऐकून घे आणि म्हण आमचे वकील ठरले की बोलू. चाळीचं रिडेव्हलपमेंट होणार असेल तर नवीन इमारतीत भाडेकरूला मिळणाऱ्या घराची किंमत आणि हा माणूस देऊ करतोय ती रक्कम यात प्रचंड फरक असतो, आणि इतके दिवस न फिरकलेला माणूस अर्जाच्या दुसऱ्या दिवशी उगाच येत नाही.

पैसे भरायला कोर्टाची परवानगी लागते, छोटासा अर्ज असतो, त्यात दावा नंबर, किती महिन्यांचं भाडं, व्याज किती ते लिहायचं. वकील आठवडाभरात मिळाले तर त्यांच्याकडूनच करून घ्या. नाही मिळाले तर पहिल्या तारखेला आत्या स्वतः तो अर्ज देऊ शकतात, विधी सेवेच्या त्या स्वयंसेवक ताईंकडून लिहून घ्या. रक्कम थोडी जास्त भरली तर बिघडत नाही, कमी भरली तर बिघडतं, म्हणून व्याज धरताना हात आखडू नका. आणि पुढे दर महिन्याचं भाडंही तिथेच भरायचं, एकही महिना चुकवायचा नाही, मुलाच्या फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

परळचा_भाडेकरू

भरल्याची पावती मिळाली की तिच्या तीन झेरॉक्स काढा, एक वकिलाकडे, एक आत्याकडे, एक तुमच्या स्वतःच्या घरी. थर्मल कागदावरची असेल तर त्याच दिवशी काढा, शाई उडून जाते. आणि तारखेला आत्यासोबत कुणीतरी जा. मुलाला सुट्टी नसेल तर मला इथे मेसेज करा, मी रिटायर आहे, धोबी तलावला मला यायला काही अडचण नाही.

गिरगावची_भाची

काका, नक्की करते मेसेज. वकिलांचं नाव कळलं की इथे टाकणार नाही पण काय सांगितलं ते लिहीन, अजून कुणाच्या उपयोगी पडेल.